दोन डोळे मिटवले

तारापूरजवळच्या दांडी गावच्या हरेश्वर पागधरेचं सगळं आयुष्य पाण्याला आत येऊ न देण्यात गेलं. होड्यांना फायबर लावणं हा त्याचा धंदा. लाकडावर काचेच्या धाग्यांची चादर अंथरायची, तिच्यावर रेझिन चोपडायचं, सुकलं की घासायचं आणि पुन्हा चोपडायचं. मासळी आणि बर्फ ठेवायचे खण तर त्याच्याच हातचे हवेत, असा सातपाटीपर्यंतच्या होडीवाल्यांचा हट्ट. अंगात काचेची कुसळं जाऊन जाऊन त्याला कायमची खाज सुटलेली असे. बोलता बोलता तो कोपर खाजवायचा, आणि समोरचा नवखा असला तर उगाच दोन पावलं मागे सरकायचा.

तारापूरच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. गणितात तो माझं बघून लिहायचा आणि माझं चुकलेलं असायचं, त्यामुळे आठवीत दोघेही दोनदा बसलो. पुढे मी बोईसरला दुकान टाकलं. रबराच्या पट्ट्या, गॅस्केट, पाण्याचे पाइप, गॅसच्या नळ्या. तेव्हापासून तो मला शेट म्हणतो. शेट म्हणावं असं माझ्याकडे पोटाशिवाय काही नाही.

त्याच्या कामाची परीक्षा मी पुष्कळदा पाहिली आहे. खण किंवा पेटी पुरी झाली की तिच्यात एक भाजलेला पापड ठेवायचा, झाकण लावायचं आणि वरून तासभर पाइपने पाणी सोडायचं. मग पापड काढून खायचा. कुरकुरीत लागला तर काम पास. मऊ लागला तर तो त्या दिवशी कोणाशी बोलत नसे, आणि त्याची बायको चंद्रकांता शेजारणींना सांगायची, "आज नको, आज पापड वातड निगाला."

त्याच्या बापाने होडीवर 'भोक' हा शब्द कधी उच्चारू दिला नाही. अभद्र म्हणून. भोक म्हणायचं नाही, 'डोळा' म्हणायचं. होडीला भोक पडलं तर 'डोळा उघडला', आणि बुजवलं की 'डोळा मिटवला'. हे त्यांच्या घरचं बोलणं. गावात बाकीचे हसायचे. पण हरेश्वरच्या तोंडात ते बसलं ते बसलंच. मी त्याच्याकडे लहानपणापासून जात होतो, म्हणून मला कळायचं.

आता विक्रमकडे येतो. विक्रम साताऱ्याकडचा, बोईसरला एका कारखान्यात देखभालीच्या खात्यात फिटर. अकरा वर्षं इथे. बायको प्रतीक्षा, मुलगी स्वरा, चौथीत. कारखान्यांच्या कुंपणाला लागून असलेल्या इमारतीत पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. हा मुलगा मला आवडायचा. वॉशर घ्यायला आला तरी आधी माप काढून, कागदावर लिहून आणायचा. नाहीतर माझी बाकीची गिऱ्हाइकं, "ते हे द्या, ते गोल" म्हणत हवेत बोट फिरवतात.

विक्रमच्या डोक्यात एक खूळ शिरलं होतं. जुनी पिकअप घेऊन तिच्या पाठीवर घर करायचं. त्याने ते केलंही, दोन वर्षं रविवार घालवून. चालताना बसका डबा, आणि जागेवर पोचलं की छत वर उचलायचं. मध्ये ताडपत्रीच्या भिंती, आत झोपायची फळी, एक शेगडी. इमारतीतली माणसं तिला छत्रीगाडी म्हणायची. सुट्टी पडली की तिघांनी निघायचं, कारखान्याचा भोंगा ऐकू येणार नाही इतकं लांब जायचं, एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा.

पण आत जागा पुरेना. पाना हवा असला तर बिछाना उचला, खुर्च्या काढायच्या तर शेगडी हलवा. एकदा खुर्च्यांबरोबर किनाऱ्यावरची सगळी वाळू बिछान्यात आली आणि प्रतीक्षाने जाहीर केलं की आता एकतर खुर्च्या येतील किंवा ती येईल. तेव्हा विक्रमने ठरवलं, गाडीच्या अंगाला बाहेरून उघडणाऱ्या पेट्या बसवायच्या. आत न शिरता सामान काढता आलं पाहिजे. खुर्च्यांना एक, हत्यारांना एक, आणि तिसरी उजव्या अंगाला, शेगडीच्या पलीकडे, गॅसच्या लहान सिलिंडरसाठी. "माणसं झोपतात तिथं सिलिंडर नको, काका," तो मला म्हणाला. "बाहेरच्या पेटीत राहील. फक्त नळी भिंतीतून आत."

पेट्या कोण करील, असं त्याने मला विचारलं. मी हरेश्वरचं नाव सांगितलं.

होड्या किनाऱ्याला ओढलेल्या असतात त्या पावसाळी महिन्यांत हरेश्वरने तिन्ही पेट्या केल्या. दोघांचं छान जमलं. विक्रम मापं घेऊन जायचा आणि हरेश्वर ती मापं बाजूला ठेवून विती मोजायचा, तरी पेट्या जिथल्या तिथे बसल्या. त्या विक्रमने घरी नेऊन स्वतः गाडीला बसवल्या आणि दिवाळीच्या सुट्टीआधी दारांना रबर लावायला व शेवटचा रंगाचा हात द्यायला गाडी दांडीला आणून ठेवली.

तेव्हा हरेश्वरला तिसऱ्या पेटीच्या तळाला दोन भोकं दिसली. रुपयाएवढी, शेजारी शेजारी, स्वच्छ पाडलेली.

त्याने काय विचार केला ते त्याने मला नंतर सांगितलं आणि मी ते खरं मानतो. त्याला वाटलं, पोराने बोल्टसाठी भोकं पाडली, मग जागा बदलली आणि बुजवायचं राहून गेलं. घाटावरचा माणूस, त्याला पाण्याचं काय कळणार. चिखलातून गाडी गेली की खालून पाणी पेटीत येईल. आणि पोर लाजेल म्हणून बोलला नसेल. होडीवर सिलिंडर उघड्यावर, वाऱ्यात बांधलेलं असतं. ते बंद पेटीत ठेवलं तर काय करावं लागतं, याचा विचार त्याला जन्मात करावा लागला नव्हता. भोक दिसलं की बुजवायचं, एवढं त्याला माहीत होतं. त्याने दोन्ही बुजवली, घासली, वरून रंग दिला. असं काम केलं की बोट फिरवलं तरी कळू नये. वर नळी आत जाते तिथली फट तेवढी त्याने तशीच ठेवली. ती घराच्या आत होती, तिथून पाणी येणार नव्हतं.

रविवारी विक्रम गाडी न्यायला आला. मीही ताजे बोंबील मिळतील म्हणून दांडीला गेलो होतो. गाडी अंगणात उभी, हरेश्वरने तिन्ही पेट्यांतले पापड काढून आम्हाला खायला लावले. कुरकुरीत होते. निघताना विक्रमचा फोन वाजला, कारखान्यातून. तो फोनवर बोलत गाडीत चढत होता तेवढ्यात हरेश्वर तिसऱ्या पेटीवर थाप मारून म्हणाला, "अरे, दोन डोळे मिटवले हां तुजे. आता काय काळजी नाय."

विक्रमने फोन कानापासून बाजूला केला. आरशाला लिंबूमिरची बांधलेली होती. तिच्याकडे बघून तो हसला आणि म्हणाला, "बरं केलंत काका. नवीन गाडी, दृष्ट लागायची."

मला हे सगळं कळलं. डोळे म्हणजे भोकं हे मला ठाऊक होतं. विक्रमला ते कळलेलं नाही हेही मला कळलं, आणि त्याचीच मला गंमत वाटली. मी मोठ्याने हसलो. दोनच दिवसांपूर्वी त्याने माझ्या दुकानातून गॅसची नळी नेली होती. कोणत्या पेटीत काय ठेवणार आहे ते मला ठाऊक होतं. गॅस हवेपेक्षा जड असतो, तळाला साचतो, हे मी गिऱ्हाइकांना ऐटीत सांगत आलेलो आहे. तिथे उभ्या तिघांत सगळं माहीत असलेला मी एकटा होतो, आणि मी बोंबलांची पिशवी हातात धरून हसत होतो.

सुट्टी लागली तशी तिघं एडवणला निघाली. गाडी रात्रभर इमारतीखाली उभी होती. सकाळी सामान भरताना स्वरा म्हणाली, "आई, वास येतोय." प्रतीक्षा म्हणाली, "मग बोईसरला काय अत्तराचा येणार?" इथे कुठल्या ना कुठल्या कारखान्याचा वास रोजच असतो. आम्ही नाक मुरडणंसुद्धा सोडून दिलंय. स्वराने पुन्हा विचारलं नाही. नळीचा सांधा थोडा ढिला होता, आणि पालघरपासून पुढच्या रस्त्याने तो आणखी ढिला झाला. पेटीला खाली वाट नव्हती, दाराला माझं रबर घट्ट बसलेलं. गॅसला एकच फट मोकळी होती, नळी घरात जायची ती.

एडवणला सुरूच्या झाडांत गाडी लावली तेव्हा दहा वाजले होते. छत अजून उचललं नव्हतं. स्वराला आधी पाणी बघायचं होतं. प्रतीक्षा म्हणाली, "तुम्ही या जाऊन, मी चहा ठेवते. मग छत उचलू." वास तिला आला असेलच. पण अकरा वर्षं बोईसरला काढलेलं नाक होतं ते.

विक्रम आणि स्वरा पाण्याशी पोचायच्या आत आवाज झाला.

किनाऱ्यावरच्या माणसांनी वाळू टाकून आग विझवली, प्रतीक्षाला चादरीत गुंडाळून काढलं. मुंबईच्या इस्पितळात ती नऊ दिवस होती. शुद्धीवर असायची. सहाव्या दिवशी तिने विक्रमला विचारलं, "तू भोकं पाडली होतीस ना?" तो हो म्हणाला. नवव्या दिवशी ती गेली. मी आजवर पुष्कळ मयतांना गेलो आहे, पण त्या दिवशी खांदा द्यायला पुढे झालो नाही. मी भिंतीला टेकून खाली बसलो आणि लोकांना वाटलं, रक्तदाब.

पंचनाम्यात नळीचा सांधा ढिला असं आलं. माझ्याकडे एक हवालदार येऊन पावती बघून गेला, नळी चांगल्या प्रतीची होती. तो जाईपर्यंत मला फक्त माझ्याच नळीची चिंता होती. हेही लिहून ठेवतो.

महिन्याने विक्रम दुकानात आला. हरेश्वर रबर घ्यायला आलेला, स्टुलावर बसला होता. विक्रमने पोत्यातून एक फळी काढून गल्ल्यावर ठेवली. तिसऱ्या पेटीचा तळ. वरचा भाग जळून गेला होता, तळ काळा पडला होता पण धड होता.

"काका," तो मला म्हणाला, "त्या रविवारी तुम्ही होतात. ह्याला भोकं होती का हो?"

मी म्हणालो, "मी काही नीट पाहिलं नाही बाबा."

"मी पाडली होती. मला आठवतंय, ड्रिल गरम झालं होतं. गॅस जड, तो खाली बसतो. पेटीतून गळला तर तळातून रस्त्यावर पडावा म्हणून पाडली होती. पण हे बघा. नाहीत." तो फळीवरून बोटं फिरवत होता. "म्हणजे मी फक्त मनात पाडली. आणि तिला हो म्हणालो."

हरेश्वरचा कोपर खाजवणारा हात थांबला.

विक्रम पुढे सांगत राहिला. प्रतीक्षाची आई, सोजराबाई, अंत्यविधीपासून इथेच होती. शनिवारी ती स्वराला घेऊन गावी जाणार होती, कायमची. ती म्हणते, ज्याला एवढं ध्यानात राहत नाही त्याच्यापाशी लेकरू कसं ठेवू. "आणि त्यांचं बरोबर आहे," विक्रम म्हणाला. "मी आता रात्री तीनदा उठून कडी बघतो. मला माझाच भरवसा नाही. घेऊन जा म्हणालो."

मी म्हटलं, "कशाला उगाळतोस आता." त्याला गप्प करायचं होतं मला. हरेश्वरला वाचवायचं होतं असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

विक्रम पोतं उचलायला लागला तसा हरेश्वर म्हणाला, "ती फळी ऱ्हाव दे माज्यापाशी. दोन दिस." विक्रमने का म्हणूनसुद्धा विचारलं नाही. तो गेला.

हरेश्वरने फळी ओढून मांडीवर घेतली. मग हरेश्वर म्हणाला, "मी सांगितलं व्हतं त्याला. दोन डोळे मिटवले म्हनून."

"त्याला कळलं नव्हतं," मी म्हणालो.

"तुला कळलं व्हतं?"

मी गल्ल्यातली नाणी लावायला लागलो. त्याने पुन्हा विचारलं नाही. आमची पन्नास वर्षांची ओळख, तेवढ्यात त्याला उत्तर मिळालं.

मी त्याला समजवायला लागलो. पंचनामा झालाय, प्रकरण मिटलंय. तुझं नाव कुठे नाही. उद्या कोण तुला होडी देईल? झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि सांगितलंस म्हणून गेलेली बाई परत येणार आहे का?

"ती नाय येनार," हरेश्वर म्हणाला. "पोर तरी ऱ्हाईल."

घरी त्याने चंद्रकांताला सांगितलं. ती टोपली धूत होती. तिने ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "शनवारी जानार ना ती? मग शुक्करवारपर्यंत कशाला थांबतंव? आजच जा." आणि स्वतः जेवली नाही.

संध्याकाळी आम्ही विक्रमच्या घरी गेलो. मी उंबऱ्याशी, चपलांजवळ थांबलो. आत सोजराबाई स्वराचे कपडे घड्या घालून पिशवीत भरत होती. स्वरा खाली खेळायला गेली होती. विक्रम खुर्चीवर बसला होता, त्याने हरेश्वरला बस म्हटलं. हरेश्वर जमिनीवर बसला. फळी समोर ठेवली, पिशवीतून पटाशी आणि हातोडी काढली आणि काळा थर खरवडायला लागला. काजळी गेली, रंग गेला. खाली दोन गोल दिसायला लागले, बाकीच्या फायबरपेक्षा थोडे पिवळे. त्याने पटाशी टेकवून एकेक ठोका दिला. दोन चकत्या खाली पडल्या.

"तू पाडली व्हती," तो म्हणाला. "मी बुजवली. मला वाटला, चुकून पाडली. डोळे मिटवले म्हनालो ना तुला, ते हे. आमच्या घरात भोकाला डोळा बोलतात. तुजा काय चुकला नाय."

विक्रमने फळी उचलली. एका भोकात बोट घातलं, मग दुसऱ्यात. बोट आरपार गेलं. मग तो सोजराबाईकडे वळून म्हणाला, "आई, पाडली होती मी." आणि लहान मुलासारखा रडायला लागला. बायको गेली त्या दिवशीसुद्धा तो असा रडला नव्हता.

सोजराबाईने फळी हातात घेतली. भोकांतून पलीकडे बघितलं. मग हरेश्वरकडे बघितलं. मला वाटलं, ती आता त्याच्या डोक्यात घालणार. हरेश्वरलाही तसंच वाटलं असावं, कारण त्याने मान खाली घातली. तिने फळी भिंतीला टेकवून ठेवली.

"माझ्या लेकीला मारलंस तू," ती म्हणाली.

"व्हय," हरेश्वर म्हणाला.

"तर मग बसलायस कशाला इथं? जा."

ती पुन्हा पिशवीकडे गेली आणि स्वराचे कपडे एकेक काढून कपाटात ठेवायला लागली. परकर, शाळेचा फ्रॉक, स्वेटर. हरेश्वर उठला. दारात विक्रमने त्याला गाठलं. तोंड पुसून, नीट, आदराने तो म्हणाला, "काका, पुन्हा कधी माझ्या समोर येऊ नका."

"नाय येत," हरेश्वर म्हणाला. आणि तो पुन्हा कधी गेला नाही. त्या रस्त्यानेसुद्धा जात नाही.

विक्रमने तक्रार केली नाही. गावात मात्र सगळ्यांना कळलं, कारण हरेश्वरनेच सांगितलं, विचारील त्याला आणि न विचारील त्यालाही. दोन होड्यांची कामं गेली, बाकीची राहिली. पापड आता तो ठेवत नाही. आणि बापाचं बोलणं त्याने मोडलं. होडीवर उभा राहून तो मोठ्याने 'भोक' म्हणतो. "हितं भोक हाय. ह्या भोकाचा काय करू? मुद्दाम पाडलंय का?" जुनी माणसं कानावर हात ठेवतात. एकदा एकाने त्याला झापलं, की होडीवर असलं अभद्र का बोलतोस. तो म्हणाला, "समोरच्याला कळला पायजे."

स्वरा आता पाचवीत आहे. विक्रम अजून माझ्याकडेच वॉशर घ्यायला येतो, माप कागदावर लिहून. त्या संध्याकाळी हरेश्वरने सगळं सांगितलं, पण मी हसलो होतो ते सांगितलं नाही, मला सगळं कळत होतं हेही सांगितलं नाही. विक्रम मला अजून काका म्हणतो. परवा जाताना म्हणाला, "काका, तुम्ही होतात म्हणून निभावलं." मी त्याला सुटे पैसे मोजून दिले. मला अजून त्याला सांगता आलेलं नाही.